उडीचं बटण

छापखान्यात बाईंना पाठीमागे सगळे 'चाळणी' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं. मुद्रितं तपासणं हे त्यांचं काम. औषधाच्या खोक्यातली सूचना असो की उशीएवढी जाड कादंबरी, बाईंच्या लाल पेनाखालून गेलेल्या कागदात चुकीचा खडा राहायचा नाही. नवीन पोरापोरींना त्या रागवत नसत. चुकीभोवती नुसतं एक लाल वर्तुळ काढून कागद परत सरकवत. ते वर्तुळ दिसलं की पोरं सगळं पान पहिल्यापासून पुन्हा वाचायला बसायची.

बाईंचं लग्नसुद्धा एका चुकीवरूनच जमलं होतं. छापखान्याच्या दारावरची पाटी रंगवायला एक पेंटर आला होता. शिडीवर चढून, तोंडात एक कुंचला आणि हातात एक असा त्याचा थाट. बाई कामावर येत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "अहो पेंटर, 'मुद्रणालय' मधला 'मु' ऱ्हस्व असतो."

तोंडातला कुंचला काढून पेंटर म्हणाला, "मग रंग ओला असताना सांगायचं ना!"

"ओला असताना मी घरी होते."

पेंटर हसला, खाली उतरला आणि चिंधी शोधायला लागला. पुढे दोघांचं जमलं, संसार झाला, मुलगी शिकून नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, पण बाई नवऱ्याला 'अहो पेंटर'च म्हणत राहिल्या. त्या हाकेत लाड असायचा, आणि तो पेंटरांना कळायचा.

गेल्या हिवाळ्यात एका दुकानाच्या शटरवर अक्षरं काढताना पेंटरांच्या हातून कुंचला पडला. त्यांनी वाकून उचलायला बघितलं तर ते स्वतःच खाली बसले ते उठेनात. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून घरी येईपर्यंत जीभ सुटी झाली, पायही हळूहळू वळणावर आला. उजवा हात मात्र आलाच नाही. खांद्याला कुणाची तरी पिशवी अडकवलेली असावी तसा तो लोंबायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती रबरी चेंडू दाबायला द्यायची, कपड्यांचे चिमटे लावायला द्यायची. पेंटर दोन चिमटे लावायचे आणि तिसरा फेकून द्यायचे.

"मी काय बालवाडीत आहे?"

"काका, बोटं हलवली नाहीत तर ती विसरून जातील."

"विसरू देत. मीही विसरलोय त्यांना."

मग ते खिडकीशी बसून राहायचे. समोरच्या दुकानाची पाटी त्यांनीच रंगवलेली होती. ती दिसू नये म्हणून ते खुर्ची जराशी तिरकी ठेवायचे, हे बाईंनी पाहिलं होतं.

एका रविवारी धाकटे दीर एक भलंमोठं खोकं घेऊन आले. माळा आवरताना सापडलं म्हणाले. आत एक जुना घरगुती कॉम्प्युटर होता. पाठ्यपुस्तकाएवढा काळा डबा, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. सोबत एक कॅसेट प्लेअर, आणि पोट पुढे आलेला जुना टीव्ही, जो उचलून आणताना दिरांची कंबर धरली होती.

"दादा, बुटक्या आठवतो?"

पेंटरांनी मान वळवली. कित्येक दिवसांत त्यांनी अशी झटकन मान वळवली नव्हती.

दिरांनी खेळाची कॅसेट लावली. डब्यातून अशी काही किंकाळी निघाली की बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अहो भावजी, बंद करा, बिघडलंय ते!"

"नाही वहिनी, हे चांगलं असलं की असंच ओरडतं. शांत झालं तर बिघडलं समजायचं."

बऱ्याच ओरड्यानंतर पडद्यावर एक घंटाघर उभं राहिलं, आणि त्याच्या तळघरात मोठ्या टोपीचा एक ठिपक्याठिपक्यांचा माणूस. दोघा भावांनी लहानपणी त्याचं नाव बुटक्या ठेवलं होतं. घंटाघराच्या सगळ्या खोल्या चढून त्याला वरची घंटा वाजवायची होती. ऐकायला सोपं, पण खेळ महा खट. बुटक्याला एका वेळी एकच वस्तू उचलता यायची. किल्ली घेतली तर बादली ठेवावी लागायची, आणि बादली चुकीच्या जागी ठेवली तर त्याचं उट्टं खूप वर गेल्यावर निघायचं. जरा उंचावरून पडला की मेला. पक्षी चोच मारून गेला की मेला. हातात मोजके जीव, आणि ते संपले की पुन्हा तळघर. चढलेलं टिकवून ठेवायची सोय त्या डब्यात नव्हतीच. दोघे भाऊ शाळेच्या वयात खेळखेळ खेळले होते आणि कधीच वरपर्यंत पोचले नव्हते.

"दादा, तू डावं-उजवं सांभाळ, मी उडी मारतो."

पेंटरांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा बटणांवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग मधलं बोट दबलं आणि बुटक्या एक पाऊल चालला.

व्यायामवाल्या मुलीला कळलं तेव्हा ती टाळ्याच पिटायची राहिली. "काका, चेंडू गेला खड्ड्यात. रोज हेच खेळा." पण दीर रोज कुठले यायला? मग उडीचं बटण बाईंकडे आलं.

पहिले काही दिवस बाई नवऱ्याच्या समाधानासाठी म्हणून बसल्या. छापखान्यातून यायच्या, चहा व्हायचा, आणि दोघं टीव्हीसमोर दोन खुर्च्या चिकटवून बसायचे. पेंटर चालवायचे, बाई उडवायच्या. सुरुवातीला बुटक्या भिंतीला धडकायचा, आगीत पडायचा, आणि दोघं हसून लोटपोट व्हायचे. पाण्याच्या खोलीत ते कितीतरी दिवस अडकले. एकदा पेंटर पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाले, "अगं, हा नळ बाकीच्यांपेक्षा जरासा गडद निळा आहे. बादली इथे ठेवायची असेल." ठेवली, बादली भरली, वजनाने खाली गेली आणि वरचं दार उघडलं. बाईंनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला. पेंटरांचं जेवणही वाढलं. एकदा भाजी वाढताना बाईंच्या ध्यानात आलं की खुर्ची आता खिडकीकडे सरळ आहे.

पुढची खोली झुलत्या फळ्यांची होती. तिथे डावं बटण नेमक्या क्षणी सोडावं लागायचं, नाहीतर बुटक्या फळी ओलांडून खोल दरीत. पेंटरांचं बोट बटण दाबायला शिकलं होतं, सोडायला शिकलं नव्हतं. मेंदूने 'सोड' म्हटलेलं बोटापर्यंत पोचायला क्षणभर जास्त वेळ लागायचा, आणि त्या क्षणात बुटक्या जायचा. मग तळघरापासून सगळं पुन्हा. पुन्हा किल्ली, पुन्हा बादली, पुन्हा तो पक्षी.

"पुन्हा," बाई म्हणायच्या. आधी हसून म्हणायच्या, मग नुसतंच म्हणायच्या, आणि नंतर दात आवळून.

बाईंच्या डोक्यात ती खोली घर करून बसली. मुद्रितं तपासताना ओळींच्या मधून फळ्या झुलायला लागल्या. चूक कुठे आहे ते दिसतंय, आणि ती दुरुस्त करता येत नाहीये, असं बाईंच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. चुकीभोवती त्या मनातल्या मनात लाल वर्तुळ काढायच्या, आणि ते वर्तुळ नवऱ्याच्या बोटाभोवती पडायचं. असं काही मनात आलं की त्या स्वतःला झापायच्या आणि चहात साखर जास्त घालायच्या.

सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की पेंटर आतल्या खोलीत आडवे व्हायचे. अशाच एका दुपारी बाईंनी आवाज अगदी बारीक करून कॅसेट लावली. डावं, उजवं, उडी, तिन्ही बटणं आपल्याच हाताखाली. केवढं सोपं होतं! बुटक्या लोण्यातून सुरी जावी तसा वर जात होता. फळ्यांच्या खोलीत दोनदा मेला, तिसऱ्यांदा पलीकडे. पुढे आरशांची खोली होती, कधी न ऐकलेला एक छोटासा सूर वाजला, आणि बाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्यांनी पदराने तोंड दाबलं. आतून काही हालचाल नव्हती. त्यांनी झटपट सगळं बंद केलं, टीव्हीची काच गार झाली आहे का ते हाताने पाहिलं, आणि मग चोरी केल्यासारख्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दोघं बसले. पुन्हा त्याच खोलीत बुटक्या पडला. सांगून टाकायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. सांगायच्या ऐवजी त्या म्हणाल्या, "पलीकडे काय असेल हो?"

पेंटरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असेल काहीतरी."

त्यानंतर दर सुट्टीच्या दुपारी असंच. आरशांची खोली, मग वटवाघळांची, मग दोरखंडांची. आणि दर संध्याकाळी पुन्हा फळ्यांशी येऊन अडकणं. वर काय आहे ते माहीत असलेल्या माणसाला खाली थांबणं कठीण जातं. बाईंची चिडचिड आता लपेना. "सोडा", "सोडा की", "अहो, सोडा म्हटलं ना" असा त्यांचा सूर चढत गेला. पेंटर पुन्हा बोट जागेवर ठेवायचे.

मग तो रविवार आला. दीर आणि जाऊबाई चहाला आले होते. दादाची प्रगती बघायची म्हणून दोघं खुर्च्यांच्या मागे उभे राहिले. त्या दिवशी पेंटरांचा हात खरोखर छान चालला होता. किल्ली, बादली, पक्षी, सगळं एकाही जिवाची उधळण न करता. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजी, अहो हा तर हात अगदी पूर्वीसारखा!" पेंटरांचे कान लाल झाले. फळ्यांच्या खोलीत मात्र एक जीव गेला, दुसरा गेला, करता करता शेवटचा उरला. पहिली फळी झाली. दुसरी झाली. तिसरीवर बाई ओरडल्या, "सोडा!" आणि बोट राहिलं बटणावर. बुटक्या दरीत गेला. पडद्यावर तळघर आलं.

"मेलाय तो हात!" बाई किंचाळल्या. "मेलेला हात घेऊन कशाला बसतोस खेळायला? काढ तो बाजूला!"

आपण काय बोललो ते बाईंना बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्यांनी सगळ्या संसारात नवऱ्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आज म्हटलं ते हे.

पेंटरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, बटणांवरून काढला आणि मांडीवर ठेवला. मग त्याच्यावर डावा हात झाकला. जाऊबाई कपबशीत बघत होत्या. दिरांनी हात लांब करून टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "आम्ही निघतो वहिनी, मुलांना घ्यायला जायचंय." त्यांची मुलं कॉलेजात जायच्या वयाची होती.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. बाहेर जाऊन माफी मागावी तर पाय उचलेना. एखाद्या चुकीला लाल वर्तुळ काढून ती मिटवता येते. ओरडलेलं कुठे पुसणार? रात्री पेंटर डाव्या हाताने जेवले. गेले काही आठवडे ते हट्टाने उजव्या हातात चमचा धरत होते, सांडत होते, पुन्हा धरत होते. त्या दिवशी त्यांनी चमचा उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात एका नव्या मुलीच्या पानात ढळढळीत चूक सापडली. बाईंनी पेन टेकवलं आणि त्यांच्याने वर्तुळ पुरं होईना. त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "इथे जरा बघशील?" मुलगी घाबरलीच. चाळणी गोड बोलली म्हणजे नोकरीच गेली असं तिला वाटलं.

त्या आठवड्यात व्यायामवाली मुलगी आली. पेंटरांची बोटं उघडताना तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, हे परत आखडलंय. खेळ बंद केलात का?"

बाई दारात उभ्या होत्या. आता सांगतील, आणि सांगू देत, असं त्यांना वाटलं.

"मलाच कंटाळा आला," पेंटर म्हणाले. "हिची काही चूक नाही. ही रोज बोलावते."

त्या मुलीने पेंटरांना चांगला अर्धा तास फैलावर घेतलं. लहान मुलासारखे ते ऐकून घेत होते, आणि बाई भिंतीला टेकून ते सगळं आपल्या वाटणीचं बोलणं ऐकत होत्या. त्यांना मध्ये बोलायचं होतं. मुलगी निघाली, चपला घालायला लागली, तेव्हा कुठे बाईंना कंठ फुटला.

"त्यांना कंटाळा नाही आला. मी बोलले. चारचौघांत, नको ते बोलले त्यांच्या हाताला."

मुलगी पोरसवदा होती. तिने बाईंकडे पाहिलं, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "काकू, मग ते मला नाही, त्यांना सांगा."

त्या आत गेल्या. पेंटर खिडकीशी होते. बाई समोर जमिनीवरच बसल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तोंडातून गेलं ते जायला नको होतं."

"असू दे."

"असू दे कसं? मी तुम्हाला..."

"ओरडलीस त्याचं नाही गं," पेंटर म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "मीही ओरडायचो शिडीवरून. रागात माणूस बोलतो." मग म्हणाले, "दुपारी मी जागा असायचो."

बाईंची नजर बंद टीव्हीकडे गेली.

"भिंत पातळ आहे आपली. पहिल्यांदा तो नवा सूर वाजला, तेव्हा मला इतका आनंद झाला की उठून बाहेरच येणार होतो. म्हटलं, नको, ती संध्याकाळी सांगेल. कशी उडी मारली, पलीकडे काय आहे ते सांगेल. आणि तू मला विचारलंस, पलीकडे काय असेल हो."

बाई रडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण रडण्याचाही आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

"आणि रोज माझ्या शेजारी बसून, अडकल्यासारखं करायचीस," पेंटर म्हणाले. "मला वाटायचं, आज सांगेल. उद्या सांगेल."

त्यानंतर खेळ पुन्हा सुरू झाला, पण बाईंसोबत नाही. पेंटरांनी दिरांना फोन केला, आणि दीर कामावरून परस्पर यायला लागले. कधी जमलं नाही तर जाऊबाई यायच्या, ज्यांना उडी कुठली आणि किल्ली कुठली हेही कळायचं नाही. पेंटर त्यांना न कंटाळता शिकवायचे. बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकायच्या. बुटक्या मेल्याचा आवाज त्या ओळखायच्या. जाऊबाई उशिरा उडी मारायच्या, तोही आवाज त्या ओळखायच्या, आणि लाटणं जिथल्या तिथे थांबायचं. कुणी त्यांना बाहेर बोलवायचं नाही, आणि आपणहून जायची त्यांची हिंमत व्हायची नाही.

एका संध्याकाळी तो सूर वाजला. आरशांच्या खोलीचा. दिरांनी आरोळी ठोकली. बाई पिठाच्या हातांनीच दारापर्यंत धावल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. पेंटर पडद्याकडे बघत होते. मागे न वळताच म्हणाले, "पुढचं सांगू नकोस हं."

थट्टाच होती ती. दीर हसलेही. बाईंनीही हसल्यासारखं केलं आणि त्या पोळीकडे परत गेल्या. पोळी करपली होती.

खोल्या एकामागून एक सुटत गेल्या. कितीतरी आठवडे लागले. तोवर पेंटर चमच्याने खायला लागले, शर्टाची बटणं लावायला लागले. पाटीवरचं वळणदार अक्षर काही त्या हाताला पुन्हा जमणार नव्हतं, आणि ते त्यांनी मान्य केलं होतं. खिडकीतून समोरची पाटी बघून ते आता म्हणायचे, "हे मी काढलंय, पाहुण्यांना सांग."

ज्या दिवशी बुटक्या शेवटच्या शिडीवर चढला, त्या दिवशी दिरांनी मुद्दाम हाक मारली, "वहिनी, या, शेवट आहे." बाई पदराला हात पुसत मागे उभ्या राहिल्या. बुटक्याने दोरी ओढली. डब्यातून एकच 'टुंग' असा आवाज आला. सगळे वाट बघत राहिले. पडदा क्षणभर काळा झाला, आणि तळघर आलं. बुटक्या पुन्हा खाली, हात रिकामे, पक्षी जरा जास्त वेगाने उडणारा. बस्स. एवढंच.

दीर डोकं धरून बसले. "अरे, आयुष्यभर याच्यासाठी?" आणि पेंटर हसायला लागले. खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाई मात्र त्या तळघराकडे बघत होत्या. एका 'टुंग'साठी आपण काय बोललो होतो, ते शब्द त्यांना जसेच्या तसे ऐकू येत होते.

दीर गेल्यावर टीव्ही चालूच होता. पेंटरांनी शेजारची खुर्ची पायाने ओढली.

"ये, बस."

"नको. तुम्ही खेळा."

"एकट्याने कसा खेळू? बस म्हणतोय ना."

बाई बसल्या. उडीच्या बटणावर बोट ठेवलं. पेंटरांनी बुटक्याला पहिल्या खड्ड्यापर्यंत नेलं, उगाचच हळू नेलं. तळघरातला हा खड्डा शाळकरी पोरालाही जमेल असा. बाईंनी बटण घाईने दाबलं, उडी आधीच लागली आणि बुटक्या सरळ खड्ड्यात गेला.

त्यांनी मान खाली घातली आणि काही ऐकू यायची वाट बघत राहिल्या.

"असू दे," पेंटर मऊ आवाजात म्हणाले, आणि बोट पुन्हा बटणावर ठेवलं.

त्यापेक्षा ते ओरडले असते तर बाईंना सोसलं असतं.